ऑफिसचा प्रिंटर सगळ्यांना खुला की ज्याचा त्याला?

पाटोवरचा
पणजीत पाटोला आमचं ऑफिस. पन्नासेक माणसं, तीन प्रिंटर, एक विंडोज प्रिंट सर्व्हर (सगळ्यांची छपाई ज्यातून जाते तो कॉम्प्युटर). गेल्या आठवड्यात हॉलमधल्या कलर प्रिंटरच्या ट्रेमध्ये एकाची पगाराची स्लिप दुपारपर्यंत उघडी पडून होती. तिच्याखाली चवथीच्या आरत्यांचा गठ्ठा, मुखपृष्ठावर रंगीत गणपती! सर्व्हरवर पाहिलं तर 'एव्हरीवन'ला, म्हणजे सगळ्यांनाच, प्रिंटची परवानगी. विंडोज ती आपणहून देतं आणि आमच्याकडे कुणी काढलीच नव्हती.
माझं म्हणणं, एव्हरीवन काढा. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (कंपनीच्या सगळ्या लॉगिनांची यादी) अकाउंट्स, एचआर, सेल्स असे ग्रुप करा आणि ज्याला जो लागतो तोच प्रिंटर द्या. माणसाची बदली झाली की त्याचा ग्रुप बदलायचा, प्रिंटरला हात लावायचा नाही. ऑफिसात याला पोलीसगिरी म्हणतात.

म्हापशाचा हिशेबनीस
पोलीसगिरीच आहे ती. आमच्याकडे करून झालंय. २० तारीख, जीएसटीची ३बी (महिन्याचं रिटर्न) भरायची, आणि आमच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला. शेजारी सेल्सचा रिकामा, पण आम्हांला 'अ‍ॅक्सेस डिनाइड'. आयटीवाला वेर्ण्याला फॅक्टरीत, फोन उचलेना. शेवटी पेन ड्राइव्ह घेऊन खालच्या झेरॉक्सवाल्याकडे धावलो. म्हणजे गुपित राखायला कुलूप लावलं आणि कंपनीची चलनं झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर! त्यापेक्षा आरत्यांचा कागद परवडला, बाब.

डिचोलीकर अ‍ॅडमिन
हिशेबनीस, तो दोष कुलपाचा नाही, किल्ली एकाच्याच खिशात ठेवल्याचा आहे. सेल्सच्या प्रिंटरवर अकाउंट्सचाही ग्रुप घातला असता तर धावपळ टळली असती. विंडोजमध्ये मुख्य परवानग्या तीन: प्रिंट, मॅनेज डॉक्युमेंट्स, मॅनेज प्रिंटर. आपलं स्वतःचं काम रद्द करणं 'क्रिएटर ओनर'मुळे (ज्याने पाठवलं तोच त्या कामाचा मालक) कुणालाही जमतं. दुसऱ्याचं रांगेत अडकलेलं काढायला मॅनेज डॉक्युमेंट्स लागते. ती प्रत्येक विभागात एकाला देऊन टाका. 'डिनाय'वर (परवानगी नाकारणं) मात्र सहसा टिचकी मारू नका. माणूस दोन ग्रुपांत असला तर तिथे डिनायच जिंकतं आणि मग अर्धा दिवस कारण शोधण्यात जातो.
पाटोवरचे, तुमचं कुलूप सर्व्हरला आहे, प्रिंटरला नाही. प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) ठाऊक असलेला माणूस स्वतःच्या लॅपटॉपवरून ९१०० पोर्टला, म्हणजे प्रिंटरच्या स्वतःच्या नेटवर्क-दाराला, थेट छापतो, सर्व्हरला गंधवार्ताही नसते. (आमच्याकडे तर आयपीची चिठ्ठी प्रिंटरवरच चिकटवलेली होती. माझ्याच अक्षरात.) प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'फक्त सर्व्हरच्या आयपीवरूनच काम घे' हे आधी करा. नाहीतर ग्रुप नुसते शोभेला.

फोंड्याची एचआर
मंडळी, स्लिप कुणी छापली असेल? एचआरनेच ना! म्हणजे तुमच्या ग्रुपांनंतरही ती पाठवायची परवानगी आम्हांला असणारच. परवानगी ठरवते कोण पाठवणार. ट्रेतला कागद कोण उचलणार ते नाही ठरवत. त्याला पिन हवा. प्रिंटरपाशी जाऊन आकडे दाबल्याशिवाय कागद बाहेरच येत नाही. आमच्याकडे पगाराच्या कागदांना तेवढंच लावलंय, बाकी सगळं मोकळं.

म्हापशाचा हिशेबनीस
पिन चालेल. पण नवा लॅपटॉप जोडताना ड्रायव्हरलासुद्धा (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतात, ते कशाला?

डिचोलीकर अ‍ॅडमिन
ती माझी लहर नाही. जुलै २०२१ मध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावाचं भगदाड निघालं, स्पूलरमधून (छपाईची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग) घुसून अख्खं मशीन ताब्यात घेता येत होतं. ऑगस्टपासून मायक्रोसॉफ्टनेच ड्रायव्हर बसवायला अ‍ॅडमिन सक्तीचा केला.

पाटोवरचा
एचआरताई, मान्य, स्लिपचं मी चुकीच्या खात्यावर मांडलं. पगाराला पिन लावतो. सर्व्हरच्या आयपीचं उद्याच करतो, चिठ्ठीही काढतो (आमच्याकडेही आहे). पण कलर प्रिंटरवरून एव्हरीवन जाणारच. टोनर कुणाच्या बजेटमधून येतो ते मला ठाऊक आहे.

म्हापशाचा हिशेबनीस
काढा. फक्त चवथीनंतर काढा, आमच्या वाड्यावरच्या आरत्या अजून छापायच्या आहेत. तुमचं ऑफिस कितव्या मजल्यावर म्हणालात?