मेनन म्हणजे फक्त बासष्ट का?

महालकर: कालच्या धाग्यावर एकानं ठोकून दिलं: "कृष्ण मेनन यांचं कर्तृत्व दोन ओळींचं. काश्मीरवर आठ तास भाषण आणि बासष्टचा पराभव." वाचून गप्प बसवेना. बासष्टच्या चीन युद्धात ते संरक्षणमंत्री होते खरे, पण त्याआधी संयुक्त राष्ट्रांत भारताची बाजू तेच मांडत होते. भारताच्या स्वातंत्र्यासाठी लंडनमध्ये वीसेक वर्षं चालवलेली इंडिया लीग ही संघटना बाजूला ठेवा, फक्त कोरिया घ्या. १९५२ मध्ये कोरियन युद्धाच्या तहाचं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं: ज्या युद्धकैद्यांना परत जायचंच नाही, त्यांचं काय? चीन म्हणे सगळे परत द्या, अमेरिका म्हणे जबरदस्ती चालणार नाही. मेननची तोड अशी की कैदी दोघांच्याही हातून काढून तटस्थ देशांच्या आयोगाकडे द्यायचे, आणि पाठवायलाही जोर नाही, अडवायलाही नाही. ३ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव ५४ विरुद्ध ५ मतांनी पास. रशियानं तेव्हा विरोध केला, पण जून १९५३ चा कैद्यांचा करार त्याच सांगाड्यावर उभा राहिला.

तर्रीपोहा: कागदावर झकास. प्रत्यक्षात? ९० दिवस समजावणी करायची होती. एकेक कैदी तंबूत आणायचा, त्याच्या देशाचा माणूस बोलणार, मग दोन दारांपैकी एकातून त्यानं बाहेर पडायचं. पण छावण्यांच्या आत टोळ्यांचं राज्य. कैदी तंबूपर्यंत यायलाच तयार नाहीत, आले तर घोषणा. समजावणी झाली जेमतेम दहा दिवस. २२ हजारांवर कैद्यांतून मायदेशी परतले काही शे. याला यश म्हणायचं?

महालकर: २७ जुलै १९५३ ला तोफा थांबल्या, त्याला म्हणायचं. आणि अडचणी कोणी केल्या तेही लिहा. दक्षिण कोरियाचा अध्यक्ष सिंगमन री, त्यानं जूनमध्येच पंचवीस हजारांवर कैदी परस्पर सोडून दिले. भारतीय जवानांना त्यानं दक्षिण कोरियाच्या जमिनीवर पाय ठेवू दिला नाही, इंचॉनच्या जहाजांवरून हेलिकॉप्टरनं निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तरी थोरातांनी छावणी सांभाळली.

वऱ्हाडी ठेचा: थोरातांचं नाव काढलंच तर पुरतं सांगा न बाप्पा, अर्ध्यावर काहून थांबता? आयोगाचे अध्यक्ष थिमय्या, फौजेचे प्रमुख थोरात. मेननची योजना तडीस नेली ती याच दोघांनी. बक्षीस काय? संरक्षणमंत्री मेननशी पटेना म्हणून १९५९ मध्ये लष्करप्रमुख थिमय्यांनी राजीनामा दिला. नेहरूंनी मागे घ्यायला लावला. थोरातांनी पूर्व विभागात मार्च १९६० मध्ये 'लाल किला' सराव घेतला. म्हणणं साधं: थेट सीमेवर ठाण मांडू नका, चिन्यांना आत येऊ द्या, त्यांची रसद ताणली गेली की मागच्या रेषेवर धरा. ऐकलं कोणी? थिमय्यांनी वारस म्हणून थोरातांचं नाव सुचवलं, नेमले गेले थापर.

धंतोलीकर: सगळं खापर एकट्या मेननवर? अर्थखातं मोरारजींकडे होतं. चीनच्या सीमेवर पुढे सरकून चौक्या टाकायचं धोरण नेहरूंच्या संमतीनं. जबलपूरचा लष्करी शक्तिमान ट्रक मेननच्याच काळातला.

तर्रीपोहा: आणि आपली अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी बासष्टचा मार खाल्ल्यावरची! संरक्षणमंत्री बदलायला सह्याद्रीला, म्हणजे यशवंतराव चव्हाणांना, धावावं लागलं, तेव्हा कुठे अक्कल आली.

धंतोलीकर: मार खाल्ल्यावर बोलणं सोपं असतं. एकसष्टला गोवा घेतलं तेव्हा हेच लोक टाळ्या पिटत होते.

वऱ्हाडी ठेचा: टाळ्या आम्हीही पिटतो. पण हंगेरी? नोव्हेंबर १९५६ मध्ये रशियन फौजा काढून घ्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्या, या ठरावाविरुद्ध भारताचं मत पडलं. मत देणारे मेननच. सुएझवर इंग्रजांना झोडपायचं आणि बुडापेस्टला रणगाडे दिसत नाहीत. परकी सत्ता काय फक्त लंडन-पॅरिसहूनच येते?

महालकर: हंगेरीचं मत चुकलं, मान्य. ते झाकायला मी आलोच नव्हतो.

वऱ्हाडी ठेचा: अरे वा, काहीतरी मान्य झालं! मग आम्हीही कोरिया देतो. अर्धा मेननला, अर्धा थोरातांना. धाग्याचं नाव तेवढं बदला.

महालकर: नाव बदलत नाही. थोरातांवर वेगळा धागा काढा, 'लाल किला'पासून सुरू करा. येतो तिथं.