मदत हवी आहे: गोदामाचे जुने सिमेंट पत्रे टाकायचे कुठे?

लातूरला डाळ मिलच्या गोदामावरचे 180 जुने सिमेंट पत्रे, म्हणजे ॲस्बेस्टॉसचेच, उतरवायचे आहेत. गंजलेल्या हुक-बोल्टवर हातोडा मारला की पत्रा भोकापाशी फुटतो आणि तंतू उडतात. म्हणून आधी साबणाचं पाणी फवारायचं, बोल्ट कटरने तोडायचे. ग्राइंडर अजिबात नको. पत्रा वरून फेकायचा नाही, चुरा झाडायचा नाही, ओल्या फडक्याने टिपायचा. जुन्या पत्र्यावर थेट पायही देऊ नये, फळी टाकावी. गमछा बिनकामाचा, बारीक तंतू अडवणारा एफएफपी-3 मास्क हवा. मजुरांना हे पटत नाही, कारण आज साधा खोकलाही नसतो. पण या तंतूंमुळे होणारा मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, दिसायला 20 ते 40 वर्षं जातात. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी 40 वर्षं जपायला सांगितलं, ते ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना. रोजंदारीवाल्याची वही कोण ठेवतो?

आता विचारायचं ते:
रांजणगावचं घातक कचरा केंद्र एवढा छोटा माल घेतं का, आणि आधी नोंदणी लागते का? वाहतुकीला परवानाधारक गाडी संभाजीनगरहून मिळेल का, भाडं काय? एफएफपी-3 मास्क लातूर-नांदेडात कुठे मिळतात?

"शेतरस्त्याच्या खड्ड्यात मुरमासारखे टाका" हा सल्ला कृपया देऊ नका. ट्रॅक्टरच्या चाकाखाली त्यांचं पीठ होतं.