जुन्या चांदीच्या नाण्यांचा संग्रह विकायचाय: वजनावर द्यावा की वेगवेगळा?

रुपेरी: वारशात आलेली सुमारे २०० चांदीची नाणी विकायची आहेत. ब्रिटिश शिलिंग आणि हाफ क्राउन (व्हिक्टोरिया ते सहावा जॉर्ज), अमेरिकेचे ३१ मॉर्गन डॉलर, १७८० साल असलेले ऑस्ट्रियाचे ६ मारिया थेरेसा थालर, बाकी किरकोळ. बरीच काळी पडलीत. अल्बममधल्या काहींवर हिरवट चिकट थर आहे. जुनी नाणीच घेणारा एक व्यापारी सगळी एकगठ्ठा वजनावर मागतोय. द्यावीत का? आणि दाखवण्याआधी घासून चकचकीत करावीत का?

कंगोरा: घासू नका. सोडा, टूथपेस्ट, चिंच, सिल्व्हर डिप (चांदी उजळवायचं तयार द्रावण), यातलं काहीही नको. नाणं ठशाखाली दाबलं जातं तेव्हा धातूवर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. दिव्याखाली नाणं तिरपं फिरवलं की चमक चाकासारखी गोल फिरते, ती या रेषांमुळे. घासल्याने त्या जातात आणि बारीक ओरखडे येतात. डिपमधलं आम्ल धातूचा वरचा पापुद्राच काढून नेतं. जाणकार हे भिंगातून लगेच ओळखतो, आणि गेलेली चमक परत आणता येत नाही. काळेपणा हा चांदी आणि गंधक यांच्या संयोगातून आलेला थर आहे. तो एकसारखा असेल तर संग्राहकांना उलट आवडतो.

हिरवट चिकटपणा मात्र वेगळा. मऊ पीव्हीसी प्लास्टिक कालांतराने विघटित होतं आणि त्यातून बाहेर पडणारं द्रव्य नाणं खातं. ती नाणी आजच अल्बममधून काढा. शुद्ध अ‍ॅसिटोन (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात तेल आणि रंग असतात) काचेच्या भांड्यात घेऊन नाणी काही मिनिटं बुडवा, मग ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये एकदा खंगाळा आणि आपोआप सुकू द्या. पुसू नका. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास ज्योत नको. नंतर मायलरच्या (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या) पाकिटात ठेवा आणि हाताळताना फक्त कडेने धरा.

कसोटी: सगळ्यांना एकच वजनी दर लावला तर तुमचा तोटा आहे, कारण कस वेगवेगळा आहे. ब्रिटिश नाणी १९१९ पर्यंत ९२५ कसाची (हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी), १९२० ते १९४६ पर्यंत ५०० कसाची, आणि १९४७ पासूनच्या चलनी नाण्यांत चांदीच नाही. हाफ क्राउनचं वजन तिन्ही काळांत १४.१४ ग्रॅमच. म्हणजे १९१५ च्या नाण्यात सुमारे १३.०८ ग्रॅम चांदी, १९२५ च्या नाण्यात ७.०७, आणि १९४८ च्या नाण्यात शून्य. सालानुसार आधी हे तीन ढीग करा.

मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅम, ९०० कस, म्हणजे २४.०६ ग्रॅम चांदी. थालर सुमारे २८.०७ ग्रॅम, ८३३ कस, २३.४ ग्रॅमच्या आसपास चांदी. त्यावरच्या १७८० ला भुलू नका. ते राणीच्या मृत्यूचं साल आहे आणि तेच साल ठेवून पुढे अनेक टाकसाळींनी ही नाणी पाडली. बहुतेक थालर चांदीच्या भावाजवळच जातात, जुने प्रकार वेगळे ओळखावे लागतात.

भाव औंसात सांगितला तर तो ट्रॉय औंस असतो, ३१.१०३५ ग्रॅमचा. स्वयंपाकाच्या काट्यावरचा औंस २८.३५ ग्रॅमचा. या गोंधळात १० टक्क्यांचा फरक पडतो. झिजलेल्या नाण्यांची चांदी कागदावरच्या वजनावरून धरू नका, ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर तोला.

भिंगवाला: डॉलर वजनावर देण्याआधी प्रत्येकाची मागची बाजू बघा. पुष्पमालेच्या गाठीखाली टाकसाळीची खूण असते: एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ओ म्हणजे न्यू ऑर्लीन्स, सीसी म्हणजे कार्सन सिटी. फिलाडेल्फियाच्या नाण्यांवर खूण नसते. १८९३ एस फक्त १,००,००० पाडली गेली होती. ती निघाली तर वजनाचा प्रश्नच संपतो. पण नेमकी हीच नाणी बनावट येतात किंवा साध्या १८९३ वर एस चिकटवलेला असतो. म्हणून अक्षराच्या बुडाशी जोड दिसतो का ते भिंगातून पाहा.

खरेपणासाठी चुंबक पुरेसं नाही. लोखंड पकडलं जाईल, पण पितळ आणि शिसं सुटेल. पाण्याची चाचणी करा. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा आणि बारीक दोऱ्याने नाणं पाण्यात लोंबकळतं धरा. ते बुडाला किंवा कडेला टेकू नये, बुडबुडे राहू नयेत. काटा नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन दाखवतो, म्हणजे नाण्याचं वजन भागिले घनता. खऱ्या डॉलरला आकडा सुमारे २.६ ग्रॅम येतो, कारण ९०० कसाच्या चांदीची घनता १०.३ च्या आसपास असते. तांबे-निकेलची नक्कल तितक्याच वजनाची असेल तर ३.० दाखवते. छोट्या नाण्यांवर ही चाचणी करू नका. अडीच ग्रॅमच्या नाण्याचा आकडाच ०.२४ येतो, मग काट्याची एका शतांशाची चूकही घोळ घालते.

रुपेरी: आभारी आहे. काही डॉलर उठावदार आणि स्वच्छ दिसतात. ते ग्रेडिंगला पाठवावेत का? आणि व्यापाऱ्याशी बोलणं कसं करावं?

कसोटी: सरसकट नको. पीसीजीएस किंवा एनजीसी (नाणी तपासून दर्जाचा आकडा, म्हणजे ग्रेड, देणाऱ्या अमेरिकी कंपन्या) यांचं शुल्क, टपाल आणि विमा धरून, ग्रेड मिळाल्यावर वाढणारी किंमत त्याहून बरीच जास्त असेल तरच पाठवा. कधी काळी साफ केलेलं नाणं आकडी ग्रेडऐवजी ‘डिटेल्स’ शेरा घेऊन परत येतं, आणि शुल्क जातंच.

कंगोरा: बोलणी करताना आधी स्वतःची यादी हवी: साल, टाकसाळ, वजन, दोन्ही बाजूंचे फोटो. जुनी पाकिटं, पावत्या, हस्तलिखित नोंदी फेकू नका, संग्रहाचा माग त्यातूनच लागतो. निदान तीन ठिकाणी दाखवा आणि प्रत्येकाकडून ढीगवार भाव लिहून मागा: वजनावरची नाणी शुद्ध चांदीच्या ग्रॅममागे किती, आणि निवडक नाणी नगाप्रमाणे किती. चांगली दहा उचलून बाकी परत करू देऊ नका. उरलेला ढीग मग कोणी नीट भावाने घेत नाही. नाणी ठेवून जायची असतील तर मोजणीची सही-शिक्क्याची पावती घ्या. लिलावाला द्यायचं असेल तर करारात पाच गोष्टी तपासा: विक्रेत्याचं कमिशन, राखीव किंमत (जिच्याखाली नाणं विकायचं नाही), न विकल्या गेलेल्या नाण्यांचा खर्च, विमा कोणाचा, आणि पैसे किती दिवसांत.