बाहेरची कमांड पडते आणि लॉगमध्ये फक्त ‘एक्झिट स्टेटस १’

रात्रपाळी:
माझी पायथन स्क्रिप्ट रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) पीजी_डंप (पोस्टग्रेसचं बॅकअप टूल) चालवून डेटाबेसचा बॅकअप घेते. सलग तीन रात्री ती पडली. लॉगमध्ये एवढंच, की कमांडचा एक्झिट स्टेटस १ आला (शून्य म्हणजे यश, बाकी आकडा म्हणजे अपयश). खाली लांबलचक ट्रेसबॅक (चूक कुठल्या ओळींतून आली त्याची यादी) आहे, पण त्यात सगळ्या पायथनच्याच ओळी. सकाळी माझ्या खात्यातून तीच कमांड हाताने चालवली की व्यवस्थित चालते. बाहेरची कमांड चालवणाऱ्या सबप्रोसेस.रनला चेक आणि कॅप्चर_आउटपुट दोन्ही ट्रू दिलेत, एक्सेप्टमध्ये लॉगिंग.एक्सेप्शन आहे. अजून काय लिहून ठेवायला हवं? बॅकअपचा प्रश्न आहे, झोप लागत नाही.

जुना_पाइप:
पीजी_डंपने कारण सांगितलंय, ते तुमच्या हातात आलंय आणि तिथेच राहिलंय. कॅप्चर_आउटपुटमुळे स्टडएरर (कमांडचे चुकांचे संदेश) क्रॉनच्या मेलमध्येही जात नाही, तो एक्सेप्शनच्या स्टडएरर या अॅट्रिब्यूटमध्ये साठतो. पण कमांड अपयशी ठरल्यावर येणाऱ्या कॉल्डप्रोसेसएररचा छापील संदेश म्हणजे फक्त कमांड आणि कोड. ट्रेसबॅकमध्येही स्टडएरर येत नाही. तो तुम्हालाच वेगळा लिहावा लागतो.

सोबत परिस्थितीही लिहा: कुठल्या युजरने चालवली, कुठल्या डिरेक्टरीत, पाथ (प्रोग्राम शोधायच्या डिरेक्टरींची यादी) काय होता, किती सेकंदांनी पडली. हाताने चालते आणि क्रॉनमध्ये नाही, तेव्हा उत्तर बहुतेक वेळा या चारांतच सापडतं. कमांड लिहिताना शेलेक्स.जॉइन वापरा (३.८ पासून आहे), म्हणजे स्पेस असलेली फाइलनावं अवतरणात येतात आणि ओळ उचलून थेट टर्मिनलवर चालवता येते. टेक्स्ट मोडमध्ये (आउटपुट बाइटऐवजी मजकूर म्हणून घेताना) एरर्स=रिप्लेस द्या, नाहीतर एखाद्या विचित्र बाइटवर डिकोडिंगच कोसळेल आणि मूळ चूक पुन्हा झाकली जाईल.

सिग्नल_नऊ:
कोड नुसता आकडा म्हणून लिहू नका, त्याचा अर्थही लिहा. लिनक्सवर रिटर्नकोड उणे आला तर प्रोसेस सिग्नलने मेली: -९ म्हणजे सिगकिल (प्रोसेस सक्तीने बंद करणारा सिग्नल), आणि मेमरी संपल्यावर कर्नल हाच पाठवतो. मध्ये शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) असेल तर तेच १३७ दिसतं, १२८ अधिक ९. प्रोग्रामच सापडला नाही तर शेल १२७ देतं, पण शेलशिवाय चालवलंत तर कोडच मिळत नाही, फाइलनॉटफाउंडएरर येते. टाइमआउटची एरर आणखी वेगळी. नुसती कॉल्डप्रोसेसएरर पकडलीत तर या दोन्ही निसटतात.

जुना_पाइप:
एक राहिलं. आर्ग्युमेंटमध्ये किंवा कनेक्शन स्ट्रिंगमध्ये पासवर्ड असेल तर लॉगमध्ये जाण्याआधी तो झाका. मी हे एकदा विसरलो होतो. मग लॉग जिथे जिथे पोचले होते ते सगळं शोधत बसावं लागलं.

रात्रपाळी:
काल रात्री स्टडएरर आणि युजर लिहायला लावलं. सकाळी दोन ओळी हजर. पहिली: पासवर्ड फाइल ग्रुपला किंवा इतरांना वाचता येते, परवानगी ०६०० किंवा त्याहून कमी हवी. दुसरी: पासवर्ड पुरवला नाही. क्रॉन वेगळ्या सर्व्हिस युजरने चालतो, आणि त्याच्या होममधली .पीजीपास (तीच पासवर्ड फाइल) मी ०६४४ ने, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल अशी, कॉपी केली होती. पीजी_डंप ती फाइल बाजूला ठेवत होता, आणि नो-पासवर्ड हा पर्याय दिल्यामुळे पासवर्ड विचारतही नव्हता. माझी स्वतःची फाइल ०६०० (फक्त मालकालाच वाचता येणारी), म्हणून हाताने चालत होतं.

परवानगी बदलली, त्याच युजरने चालवून पाहिलं, डंप आला. आता तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघतोय. -९ चा अर्थ आणि उरलेल्या दोन एरर आज संध्याकाळी जोडतो. पासवर्ड आर्ग्युमेंटमध्ये कुठेच नाही, तेही तपासलं.