पेट्रोलचं गवत कापायचं मशीन बारा मिनिटांत बंद पडतं, अर्ध्या तासाने पुन्हा चालू होतं. कोणी सांगेल का?

सुदामानगरी

नमस्कार मंडळी. मी इंदूरला सुदामानगरात राहतो. शाळेतून निवृत्त झालो आणि कॉलनीच्या बगिच्याची खजिनदारी गळ्यात पडली. खजिन्यात काही नसतं, बगिच्यात मात्र गवत असतं. आमची काळी माती, आषाढात दोन सरी पडल्या की आठ दिवसांत गवत घोट्याच्या वर जातं.

मशीन ढकलायचं आहे, 160 सीसीचं, चार स्ट्रोकचं, दोरी ओढून चालू होणारं. तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलं. मागच्या वर्षीपर्यंत तक्रार नव्हती. या पावसाळ्यात नवीनच खोड सुरू झाली आहे. दुसऱ्या झटक्याला चालू होतं, दहा मिनिटं छान चालतं, मग रेस आपोआप वर-खाली व्हायला लागते, दोन-तीनदा हुंकार देतं आणि बंद. तेव्हा कितीही दोरी ओढा, उपयोग नाही. आमचा माळी चहा पिऊन येतो तोवर अर्धा तास जातो आणि मशीन शहाण्या मुलासारखं पुन्हा चालू होतं. माळी म्हणतो, ‘साब, इसका दम घुट रहा है.’ हे काही निदान नव्हे.

आतापर्यंत केलेलं: प्लग नवा टाकला. एअर फिल्टर नवा. ऑइल बदललं, 10डब्ल्यू-30. टाकीत पावसाचं पाणी शिरू नये याचा बंदोबस्त केला आहे. एका मिस्त्रीने कार्बोरेटरच अख्खा बदलून दिला, 1400 रुपये. दोन दिवसांनी तेच. आता तो म्हणतो प्लगला ठिणगी देणारी कॉइल गेली, ती आणखी महाग. कॉलनीच्या मीटिंगमध्ये मला हिशोब द्यायचा आहे, म्हणून आधी इथे विचारतो.

ग्वाल्हेरकर_67

काका, रेस वर-खाली होणं म्हणजे नव्वद टक्के पेट्रोल कमी पोहोचतंय आणि हवा जास्त जातेय. दिवाळीनंतर मशीन टाकीतल्या पेट्रोलसकट ठेवून दिलं होतं का? आता पंपावर मिळतं ते ई20, म्हणजे पाचवा भाग इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्यासकट खाली बसतं. दुसरीकडे जुनं पेट्रोल उडून जातं आणि कार्बोरेटरमध्ये डिंकासारखा थर ठेवतं. तो जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येतं त्या बारीक भोकात, बसला की हीच लक्षणं. मी महिन्याच्या वर टाकीत पेट्रोल ठेवतच नाही, मोसम संपला की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवतो.

नव्या कार्बोरेटरमध्येही टाकीतला कचरा जाऊ शकतो. कार्बोरेटरची खालची वाटी खोलून बघा, पेट्रोल साठतं ती. जेट साफ करायला सुई किंवा जाड तार घालू नका, भोक मोठं होतं. गिटारची सगळ्यात बारीक तार किंवा नुसता क्लीनरचा स्प्रे.

सुदामानगरी

वाटी खोलली, काचेसारखी स्वच्छ. पेट्रोल ताजं, मागच्या रविवारीच आणलेलं. जुनं मी स्कूटरमध्ये घातलं आणि स्कूटर दोन दिवस खोकत होती, तो विषय वेगळा.

एक गुन्हा कबूल करतो. वाटी खोलताना मशीन चुकीच्या अंगावर कलंडवलं. ऑइल एअर फिल्टरमध्ये गेलं आणि चालू केल्यावर एवढा पांढरा धूर निघाला की समोरच्या वहिनी नातवाला घेऊन आत पळाल्या.

बडोदेकरीण

अहो काका, कलंडवताना एअर फिल्टर आणि कार्बोरेटर नेहमी आभाळाकडे हवेत! आमच्याकडे नर्सरीच्या पोरांना मी त्या बाजूला लाल रंगाचा ठिपका काढून दिला होता, तरी वर्षातून एक फिल्टर तेलात बुडायचाच. कागदाचा फिल्टर ऑइलने भिजला की धुऊन उपयोग नाही, बदला. आणि ऑइलची पट्टी बघा, गेलं तेवढं भरा, खुणेच्या वर एक थेंबही नको.

दुसरं, मशीनखाली हात घालण्याआधी प्लगची टोपी ओढून बाजूला करत जा. पातं हाताने फिरवलं तरी इंजिन फिरतं, आणि गरम इंजिनला तेवढं पुरतं. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

पात्याला धार कधी लावलीय? पावसाळ्यात ओलं गवत आतून पत्र्याला चिकटून वडीसारखं थापलं जातं, मशीनवर भार येतो. आणि घोट्याच्या वर गेलेलं गवत एकदम खाली आणू नका, एका वेळी वरचा तिसरा हिस्सा. भार कमी पडेल, गवतही पिवळं पडणार नाही. कानशीने धार लावल्यावर पातं मधल्या भोकातून खिळ्यावर अडकवून बघा. जी बाजू खाली जाते ती अजून थोडी घासायची, नाहीतर मशीन हातात थरथरतं.

तेलकट_हात

वरचं सगळं बरोबर आहे, पण काकांच्या आजाराचं नाही. भार असता तर जाड गवतात बंद पडलं असतं, घड्याळ लावून नाही. जेट चोंदलं असतं तर पहिल्या मिनिटापासून रेस खालीवर झाली असती.

दहा-बारा मिनिटं नीट, मग बंद, थांबलं की पुन्हा ठीक, असं असेल तर मी दोनच ठिकाणी बघतो. एक कॉइल, गरम झाली की ठिणगी द्यायचं सोडते. पण कॉइल बहुतेक वेळा फट्दिशी बंद करते, दोन-तीन मिनिटं हुंकार देत नाही. तुमचं हुंकार देतंय, म्हणजे ते उपाशी मरतंय. दुसरं ठिकाण सांगण्याआधी एक प्रश्न: टाकीत पाणी शिरू नये याचा ‘बंदोबस्त’ म्हणजे नक्की काय केलंत?

सुदामानगरी

शेडचा पत्रा गळतो. झाकणाचं रबर जुनं झालं होतं, मधल्या बारीक भोकातून पाणी जाईल अशी भीती वाटली. म्हणून माळ्याला सांगून झाकणाखाली शेवेच्या पिशवीचा तुकडा दुमडून घट्ट बसवला. चांगली जाड पिशवी आहे. का?

तेलकट_हात

काका, नमस्कार घ्या.

ते बारीक भोक पाण्यासाठी नाही, हवेसाठी आहे. पेट्रोल टाकीतून खाली उतरतं ते फक्त स्वतःच्या वजनाने, पंप नाही. जेवढं खाली जाईल तेवढी हवा वरून आत आली पाहिजे. हवा बंद केलीत की आत पोकळी होते आणि ती पेट्रोलला वर ओढून धरते. पेल्यात बुडवलेल्या स्ट्रॉचं वरचं तोंड बोटाने दाबून स्ट्रॉ उचला, सरबत आतच लटकून राहतं, तसंच. तुमची पिशवी पूर्ण हवाबंद नसणार, थोडी हवा गळून जात असेल, म्हणून लगेच नाही, दहा-बारा मिनिटांनी मशीन उपाशी पडतं. अर्धा तास थांबलं की हवा झिरपून आत जाते, वाटी भरते, आणि शहाणं मूल परत हजर.

कॉइलवर पैसे घालण्याआधी फुकटची परीक्षा करा. चालवा. हुंकार द्यायला लागलं की पातं थांबू द्या आणि लगेच झाकण सैल करा. फुस्स आवाज आला तर समजा. मिनिटभर थांबून दोरी ओढा. झाकण उघडताना बिडी-बिडी कोणाच्या तोंडात नको, इंजिन तापलेलं असतं.

फुस्स झालं नाही तरच ठिणगी बघायची. प्लग काढून टोपीत अडकवा, धातूचा भाग इंजिनला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ येते. आणि हँडलवरचा दांडा दुसऱ्या माणसाला दाबून धरायला सांगा. दांडा सोडलेला असला तर कॉइल चांगली असूनही ठिणगी येत नाही. मी बघितलंय, चांगल्या कॉइली अशाच कचऱ्यात जातात.

ग्वाल्हेरकर_67

शेवेची पिशवी! इंदूरला हेच व्हायचं होतं.

इंजिनवेडा_वडोदरा

मधेच घुसतो, माझा प्रश्न वेगळा. आमचं मशीन दगडाला आपटलं, तेव्हापासून दोरी ओढली की हातातून उलटी हिसकते, चालू होत नाही. प्लग ठीक.

तेलकट_हात

फ्लायव्हीलची चावी बघा. वरच्या चाकाला शाफ्टवर धरून ठेवणारा बोटाच्या नखाएवढा तुकडा असतो, मुद्दाम मऊ. दगड लागला की तो कापला जातो आणि चाक थोडं सरकतं, मग ठिणगी चुकीच्या वेळी पडते. अर्धाच कापलेला असला तरी बदला. स्वस्त आहे. पण पातं बसतं तो शाफ्ट वाकलाय का तेही बघा, प्लगची टोपी काढून पातं हाताने फिरवा, टोकं जमिनीपासून सारख्या उंचीवर फिरली पाहिजेत. शाफ्ट वाकला असेल तर चावी बदलून काही होणार नाही, मशीनचा नाद सोडा.

सुदामानगरी

मंडळी, आज सकाळी पोहे खाऊन परीक्षा घेतली. माळी आणि मी, शिवाय बघायला चार जण जमलेच. अकराव्या मिनिटाला हुंकार. दांडा सोडला, पातं थांबलं, झाकण अर्धा वेढा सैल केलं. फुस्स झालं नाही. झालं ते ‘सूँऽऽ’, चांगलं दोन सेकंद, आणि पिशवीचा तुकडा आतल्या बाजूला ओढला जाऊन वाटीसारखा खोलगट झालेला होता. पेट्रोलने भिजून पिवळा पडलेला, त्यावर ‘लौंग सेव’ची अर्धी अक्षरं. तिसऱ्या झटक्याला मशीन चालू.

तुकडा काढला आणि सबंध बगिचा कापला, बावन्न मिनिटं, एकदाही थांबलं नाही. मधे पेट्रोल संपलं तेवढंच, आणि तेव्हाही घाई न करता पंधरा मिनिटं इंजिन थंड होऊ दिलं, मगच भरलं. रबराची वायसर सियागंजातून आणली, दहा रुपये. झाकणाचं भोक गरम पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने साफ केलं. शेडच्या पत्र्याला डांबरपट्टी लावली, जे आधी करायला हवं होतं.

माळी मशीन पुसत होता. मी काही बोललो नाही, पण ‘दम घुट रहा है’ हे तो पहिल्या दिवसापासून म्हणत होता हे मला आठवलं, आणि त्यालाही आठवलेलं दिसलं.

आता एक अडचण. मीटिंगमध्ये 1400 रुपयांचा कार्बोरेटर कसा दाखवू? आणि आमचा जुना, अगदी चांगला असणारा कार्बोरेटर त्या मिस्त्रीकडेच राहिलाय. मागायला जावं का?

बडोदेकरीण

आजच जा. आणि माळ्याला सोबत न्या.