फेरारीच्या विजेवरच्या गाडीची वाट बघायला लाज कसली?

चिपळूणचा मिस्त्री (नोव्हेंबर 2025)
काल इथे एका गृहस्थांनी लिहिलं, "मुंबई-गोवा महामार्ग पुरा होईना आणि आपली पोरं फेरारीच्या इलेक्ट्रिक गाडीचे दिवस मोजतायत. लाज वाटायला हवी." गप्प बसणार होतो, जमलं नाही.

बावीस वर्षं गॅरेज चालवतोय. ही गाडी माझ्या पिटवर कधी येणार नाही, ठाऊक आहे. तरी ऑक्टोबरात फेरारीने इटलीत, आपल्या मारानेल्लोच्या कारखान्याच्या गावी तिची चासी (खालचा सांगाडा), मोटर्स आणि बॅटरी दाखवली, तेव्हा जेवणाचं ताट बाजूला सारून बघत बसलो. चार चाकांना चार मोटर्स, हजाराच्या वर अश्वशक्ती, 122 किलोवॅट-तासांची बॅटरी, 2.5 सेकंदांत शंभरचा वेग. वजन मात्र 2300 किलोच्या आसपास! एवढं धूड वळणात कसं धरतात तेच बघायचंय. कुठल्या चाकाला किती जोर द्यायचा हे वेगवेगळं ठरवता येतं. डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटून देणारे गिअर, खोलून हात काळे करण्यात माझं आयुष्य गेलं, मला ही गोष्ट मोठीच वाटणार. अख्खी गाडी पुढच्या वर्षी दिसेल. मी वाट बघणार.

माणगावकर
ते गृहस्थ मीच. शब्द मागे घेत नाही. रुंदीकरण 2011 ला सुरू झालं. तेव्हा माझी मुलगी पहिलीत होती, आता नोकरीला लागली. इंदापूर आणि माणगावचे बायपास अजून अर्धवट. गणपतीत आमच्या दारातून गाड्या मुंगीच्या पावलांनी जातात. बायाबापड्या पाणी आणि लघवीसाठी दार ठोठावतात. मी कोणाला नाही म्हणत नाही, पण हे सगळं बघितल्यावर 310 च्या टॉप स्पीडचं कौतुक वाचवत नाही हो.

रत्नागिरीचा बारा सिलिंडर
रस्त्याचं राहू द्या. ज्या फेरारीला इंजिनच नाही ती फेरारी कशी? कोकण रेल्वेचं विद्युतीकरण 2022 ला पूर्ण झालं. त्याआधी उक्षीच्या बाजूने डिझेल इंजिन चढ घ्यायला लागलं की मामाच्या पडवीत बसल्या बसल्या पोटात धडधडायचं. आता गाडी येऊन जाते, कुत्रंही मान वर करत नाही.

चिपळूणचा मिस्त्री
आवाज आहे! मागच्या ॲक्सलवर सेन्सर लावलाय. तो मोटर आणि गिअरची खरी थरथर पकडतो, तीच वाढवून ऐकवतात. इलेक्ट्रिक गिटारचं जसं, तसं. रेकॉर्ड केलेला खोटा आवाज नाही.

रत्नागिरीचा बारा सिलिंडर
खोटा नाही, एवढं मान्य. त्यापुढे एक शब्द मान्य नाही.

दाभोळ बंदर
मिस्त्री, गाडी आली तरी न्याल कुठे? माझ्या मेव्हण्याने साधी सेडान मुद्दाम जमिनीलगत बसवून घेतली होती. धोपाव्याला जायला फेरीबोटीवर चढवायला गेलो. ओहोटी लागलेली, रॅम्प उभा. पुढचा बंपर कर्र करून लोखंडाला घासला आणि गाडी मध्येच अडकली, पुढे जाईना की मागे येईना. खलाशांनी चाकांखाली फळ्या सरकवल्या, आम्ही चौघांनी बॉनेट उचलून धरलं. मागे एसटी, टेम्पो, दोन रिक्षा, सगळे हॉर्न मारतायत.

गुहागरचा ड्रायव्हर
तिरकी चढवायची. एका वेळी एकच चाक रॅम्पवर घ्यायचं.

दाभोळ बंदर
बोटीवर तिरकं व्हायला जागा असते होय? मागे लाइन लागलेली असताना?

गुहागरचा ड्रायव्हर
भरतीची वेळ बघून निघायचं. आम्ही रोज करतो. गाडी चालवता येत नाही आणि दोष रॅम्पला!

दाभोळ बंदर
तोंड सांभाळून. ती गाडी मीच चालवत होतो.

मालवणी झील
माका गाडयेचो राग नाय. पण आमच्या वाडीत रातचा कोण आजारी पडला तर कुडाळाक न्हेवचा लागता. आधी त्या रस्त्याचा बोला.

माणगावकर
हेच म्हणतोय मी. मिस्त्रींना हौस आहे, पण ज्याचं पोट भरलेलं असतं त्यालाच ही हौस सुचते.

चिपळूणचा मिस्त्री
पोट भरलेलं? 22 जुलै 2021 ला कुठे होतात तुम्ही? गॅरेजमध्ये पाणी माझ्या डोक्याच्या वर. सात गिऱ्हाइकांच्या गाड्या चिखलात. एअर फिल्टरच्या डब्यातून गाळ ओंजळीने काढलाय मी. विमावाल्यांनी दोन गाड्यांचा दावा फेटाळला, ते पैसे मी हप्त्याने फेडले. त्या वर्षी रात्री झोप यायची नाही तेव्हा मोबाइलवर इंजिनांचे व्हिडिओ बघायचो. त्यावरच तगलो.

आणि यातून कामाचंही शिकतो. नारिंगी केबल दिसली की हाय व्होल्टेज, हात लावायचा नाही, हे माझ्या पोरांना आज कळलं पाहिजे. उद्या पुरात बुडालेली इलेक्ट्रिक गाडी दारात आली तर ती फेरारी नसेल, तुमच्या शेजाऱ्याची असेल.

माणगावकर
पुराचं माहीत नव्हतं. पोट भरलेलं म्हटलं ते चुकलं माझं. नारिंगी केबलचंही पटलं. अख्खी गाडी दाखवतील त्या दिवशी इथे टाका, बघेन. पण बायपासवर लिहिणं थांबवणार नाही, आणि लाजेचं वाक्य अर्धंच मागे घेतोय.

रत्नागिरीचा बारा सिलिंडर
आवाजाचा व्हिडिओही टाका. हेडफोन लावून ऐकेन, मग बोलू.