‘दृश्य बदलतो’ म्हणजे नेमकं काय बदलतो?

शब्दवेध: एमव्हीपी (मॉडेल-व्ह्यू-प्रेझेंटर: माहिती, तिचं पडद्यावरचं दृश्य आणि दोघांमधला दुवा असलेला प्रेझेंटर वेगळे ठेवणारी) पद्धतीच्या वेब ॲप्लिकेशनची माहितीपुस्तिका मराठीत करतेय. त्यात एक वाक्य मी असं लिहिलं: ‘नव्या ठिकाणी गेल्यावर प्रेझेंटर दृश्य बदलतो.’ तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी त्यावर लाल रेघ ओढली. ‘बदलतो’मधून दोन अर्थ निघतात, असं त्यांचं म्हणणं. यादीचं दृश्य काढून त्या जागी तपशिलाचं लावलं, हा एक. दृश्य तेच ठेवून आतला मजकूर बदलला, हा दुसरा. कोडमध्ये या दोन गोष्टी वेगळ्याच आहेत. ग्राहक १२ वरून ग्राहक १३ वर गेलं की ब्राउझरमधला पत्ता बदलतो, बरेचदा प्रेझेंटरही नवा येतो, पण दृश्य जुनंच वापरतात, कारण ते पुन्हा उभारायला वेळ लागतो. मग शब्द कोणता घ्यावा? आणि नेव्हिगेशनला ‘मार्गक्रमण’ फार जड होतंय का?

काना-मात्रा: ‘पालट’ घ्या की! सत्तापालट, खांदेपालट. एक जातो, त्याच जागी दुसरा येतो. अख्खं दृश्य गेलं तर ‘दृश्यपालट’, आतला मजकूर हलला तर ‘दृश्यातला बदल’. भेद भाषेत आधीपासून आहे, आपण तो वापरत नाही इतकंच.

अर्धविराम: मग ‘कायापालट’चं काय करणार? तिथे काया तीच असते, फक्त रूप बदलतं. ‘हवापालट’मध्ये तर हवा जागच्या जागी राहते आणि माणूसच उठून दुसरीकडे जातो. पालटचा अर्थ तुम्ही सांगता तितका पक्का नाही.

काना-मात्रा: कायापालट मान्य. पण पारिभाषिक शब्द म्हणजे ठरवून घट्ट केलेला अर्थ. पहिल्या पानावर व्याख्या द्या, पुढे वाचक तोच अर्थ घेईल.

शुद्धमती: मुळात ‘बदल’ हा अरबी शब्द. ‘परिवर्तन’ असताना तो कशाला? दृश्य-परिवर्तन, मार्ग-परिवर्तन, सगळी मालिका नीट जुळते.

अर्धविराम: कपडे बदलणाऱ्याला ‘परिवर्तन करतोय’ म्हणताना कोणी ऐकलंय? आणि अरबी म्हणून ‘बदल’ काढलात तर ‘मुक्काम’ही जाईल, ‘सुकाणू’ही जाईल. शब्द कुठून आला यापेक्षा तो तोंडात बसलाय का, हे बघा.

तिसरी घंटा: मला तर यात सरळ रंगभूमी दिसते. प्रेझेंटर म्हणजे सूत्रधार, व्ह्यू म्हणजे प्रवेश. ‘सूत्रधार प्रवेश बदलतो’ म्हटलं की कोणालाही कळेल.

कोडकरी: ‘प्रवेश’ नको, तो लॉगिनसाठी रुळलाय. एकाच पुस्तिकेत दोन प्रवेश आले तर वाचक अडकेल. सूत्रधारही पटत नाही. सूत्रधार प्रेक्षकांसमोर येऊन बोलतो, प्रेझेंटर वापरणाऱ्याला कधीच दिसत नाही. सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २००६ मध्ये या पद्धतीचे दोन प्रकार वेगळे केले. त्यातल्या पॅसिव्ह व्ह्यूमध्ये दृश्य स्वतः काहीच ठरवत नाही, प्रेझेंटर सांगेल तेवढं दाखवतं.

पण शब्दवेध, तुमच्या वाक्यातला कर्ताही तपासा. गूगल वेब टूलकिट या वेब ॲप्लिकेशन बनवायच्या साधनाच्या २.१ आवृत्तीत (२०१०) प्लेस (ॲप्लिकेशनमधलं ठिकाण) आणि ॲक्टिव्हिटी (त्या ठिकाणी चालणारं काम) आल्या. तिथे प्रेझेंटर प्लेसकंट्रोलरला ‘अमुक ठिकाणी जा’ एवढंच सांगतो. त्या ठिकाणी कोणती ॲक्टिव्हिटी हवी हे मॅपर ठरवतो. जुनी थांबवून नवी सुरू करणं हे ॲक्टिव्हिटी मॅनेजरचं काम. अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर निघण्याआधी जुन्या ॲक्टिव्हिटीला विचारणा होते, तिने इशाऱ्याचा मजकूर दिला तर तो वापरणाऱ्यापुढे येतो आणि तो नको म्हणाला तर जाणंच रद्द. तुमची पुस्तिका या धाटणीची असेल तर ‘प्रेझेंटर दृश्य बदलतो’ हे बदलो-पालटोच्या आधीच चुकतं.

शब्दवेध: धाटणी हीच आहे. म्हणजे ‘प्रेझेंटर नव्या ठिकाणी जायला सांगतो’ असं करते. पण मॅनेजरच्या वाक्यात तोच पेच पुन्हा येणार. नेव्हिगेशनचंही राहिलंच.

शुद्धमती: नेव्हिगेशन हा आपल्याच ‘नवगती’वरून गेलेला शब्द. तोच परत घ्या.

काना-मात्रा: नाही हो. तो लॅटिन ‘नाविस’ म्हणजे जहाज, त्यावरून आला. संस्कृत ‘नौ’ आणि ‘नाविस’ ही एकाच मुळाची भावंडं. एकाने दुसऱ्याकडून उसनं घेतलेलं नाही. ‘नवगती’ नुसत्या ध्वनिसाम्यावर रचलेली आहे.

शुद्धमती: भावंडं आहेत ना? मग ‘नौ’वरून मराठी शब्द घडवायला काय हरकत?

अर्धविराम: घडवा, पण स्क्रीनवर तो बटणाएवढ्या जागेत मावला पाहिजे. मी ‘ये-जा’ म्हणेन. ‘पानांमधली ये-जा’ लगेच कळतं.

कोडकरी: ‘ये-जा’ आवडलं, पण त्यात परत येणं गृहीत आहे. लॉगिननंतर ब्राउझरच्या इतिहासातली नोंद पुसून तिच्या जागी नवी टाकतात, म्हणजे ‘मागे’ दाबल्यावर माणूस पुन्हा लॉगिनच्या पानावर पडत नाही. तिथे नुसती जा आहे, ये नाही.

तिसरी घंटा: ‘मागे’वरून आठवलं. काही ठिकाणी त्या बटणावर ‘परत’ लिहिलेलं असतं. माझ्या मते ‘मागे’ म्हणजे आत्ता होतो त्याच्या लगेच आधीचं पान आणि ‘परत’ म्हणजे जिथून निघालो ती यादी. बाकीच्यांना हा फरक जाणवतो का?

काना-मात्रा: जाणवतो, पण मला नेमका उलटा.